पहिला निरोप कोणाच्या दारी?

"डॉक्टर, मुलाने मला त्या ग्रुपमध्ये घातले आहे. तिथे विचारले तर चालेल का?" रक्तदाब मोजून झाला, औषधांची चिठ्ठी हाती पडली, की खुर्चीतून उठता उठता हा प्रश्न हल्ली अनेक ज्येष्ठ विचारतात. कोणाचा समूह मधुमेहींचा असतो, कोणाचा गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या व्यायामाचा, कोणाचा कंपवाताचा, तर कोणाचा घरातील स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाला सांभाळणाऱ्यांचा. अवश्य विचारा, असेच मी सांगतो. मात्र 'विचारू का' याच्या पाठोपाठ 'कोठे विचारू' हा प्रश्न यायला हवा, तो सहसा येत नाही. फोनवरच्या समूहात जागा ती काय वेगळी, सारे एकाच पडद्यावर तर दिसते, असा समज त्यामागे असतो. वस्तुतः तेथेही अंगण, ओसरी, माजघर असे भाग आहेत, आणि नवख्याचा पहिला शब्द त्यांपैकी कोठे पडला, यावर त्याला उत्तर मिळणार की नाही हे बरेचसे ठरते.

अशा समूहांचे मोल मी मुळीच कमी लेखत नाही. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळासारख्या स्वमदत गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि त्याची काळजी घेणाऱ्या आप्ताला 'शुभंकर' म्हणतात. या दोन शब्दांनीच निम्मा भार हलका होतो. डॉक्टरच्या दहा मिनिटांत लेव्होडोपाची मात्रा ठरते, ती जेवणाच्या किती आधी घ्यायची हे सांगून होते. परंतु रात्री दोन वाजता ज्याला पलंगावर कूस बदलता येत नाही, त्याच्याखाली सुळसुळीत कापडाची चादर घातली तर वळणे सोपे जाते. उंबरठ्यापाशी पाय जमिनीला खिळतात, तेथे फरशीवर रंगीत पट्टी चिकटवली तर पाऊल उचलते. शर्टाच्या गुंड्यांखाली वेल्क्रो लावून घेतला तर सकाळची अर्ध्या तासाची झटापट वाचते. या गोष्टी त्या वाटेने आधी गेलेला माणूसच आपुलकीने सांगू शकतो. म्हणून अशा समूहात जा, असे मी स्वतःहून सुचवतो.

आणि तरीही बरेच जण तेथे जाऊन मुके राहतात किंवा एकदा बोलून कायमचे गप्प होतात. एका निवृत्त शिक्षिकेचे उदाहरण सांगतो. वय ७१. यजमानांना स्मृतिभ्रंश. दिवेलागण झाली की ते पायांत चपला घालून दाराशी उभे राहत आणि "मला घरी जायचे आहे" असे म्हणत. ज्या घरातून जायचे म्हणत, ते घर त्यांनीच पस्तीस वर्षांपूर्वी बांधले होते. बाईंना त्यांच्या भाच्याने एका मोठ्या समूहात दाखल करून दिले. एका रात्री साडेअकराला, यजमान झोपल्यावर, त्यांनी चाळीसेक ओळींचा मजकूर लिहिला. त्यात सारे होते: आजार कधी सुरू झाला, मुले परदेशी, कामवाली बाई सोडून गेली, स्वतःची पाठदुखी, आणि शेवटी कोठेतरी तो संध्याकाळचा प्रश्न. सकाळी सातला समूहातील कोणा सभासदाचा वाढदिवस निघाला. पुष्पगुच्छ, केक, शतायुषी व्हा. बाईंचा मजकूर वर वर सरकत दिसेनासा झाला. दोघांनी हात जोडल्याचे चिन्ह टाकले, एवढेच. चार दिवस वाट पाहून त्या बाहेर पडल्या. "लोक वाईट नव्हते हो," त्या मला म्हणाल्या, "शाळा सुटल्याची घंटा झाल्यावर मी फळ्यावर गणित मांडले."

त्यांचे निदान माझ्या निदानांपेक्षा अचूक होते. पण गोष्ट येथे संपत नाही. वर्षानुवर्षे एकट्याने शुश्रूषा करणाऱ्यांमध्ये झोप उडणे, चिडचिड, खिन्नता आणि पुढे पूर्ण नैराश्य हे मी इतक्या वेळा पाहतो, की रुग्णाच्या नावाचा कागद काढताना सोबत आलेल्या माणसाच्याही चेहऱ्याकडे पाहण्याची सवयच लागली आहे. अशा माणसाने पहिल्यांदा तोंड उघडावे आणि समोरून काहीच येऊ नये, तर तो दुसऱ्यांदा लवकर बोलत नाही. डॉक्टरपाशीही बोलत नाही.

समूहाची रचना थोडी समजून घेऊ. व्हॉट्सॲपच्या एका समूहात १०२४ माणसे मावतात. एवढ्या माणसांत रोज शंभर-दीडशे निरोप सहज पडतात, आणि काल रात्रीचे वाचायला कोणी वर सरकत नाही. नवागताला त्याच्या येण्यापूर्वीचे संभाषण सहसा दिसत नाही. तो चालू कीर्तनात मध्येच येऊन बसलेला असतो, आणि तो नुकताच आला आहे हे पुढे बसलेल्यांना ठाऊकही नसते. काही समूहांत लिहिण्याची मुभा केवळ चालकांना, म्हणजे ॲडमिनना असते. तो सूचनाफलक, तेथे आपण लिहू गेलो तर लिहिण्याची चौकटच उघडत नाही. आपल्याला वाटते फोन बिघडला, किंवा आपल्याला कोणी मज्जाव केला. तसे काही नसते. २०२२ पासून एका छत्राखाली अनेक समूह ठेवण्याची सोय आली आहे, त्यामुळे एकाच मंडळाचा सूचनांचा एक, गप्पांचा दुसरा, शुभंकरांचा तिसरा असे समूह असू शकतात. चिरंजीवांनी आपल्याला त्यांतल्या ज्यात घातले, तोच आपल्या प्रश्नाचा समूह असेल असे नाही.

मग पहिला शब्द कोठे? माझे उत्तर असे, की तो समूहात पडूच नये. तो एका माणसाकडे जावा.

याचे एक फार जुने उदाहरण आहे, ते फोनवरच्या समूहांच्या कितीतरी आधीचे. मद्यपाश सोडवण्यासाठी जगभर पसरलेल्या अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या स्वमदत गटाचा आरंभ अमेरिकेतील ॲक्रन या शहरात झाला. मे १९३५ मध्ये न्यूयॉर्कचा बिल विल्सन तेथे धंद्याच्या कामासाठी गेला होता. दारू सोडून काही महिने झाले होते, आणि ज्या कामासाठी आला ते फिसकटले होते. हॉटेलच्या दिवाणखान्यात तो उभा होता. एकीकडे बारमधील हसण्याखिदळण्याचा आवाज, दुसरीकडे दूरध्वनी आणि गावातील चर्चची यादी. त्याने त्या यादीवरून एका धर्मोपदेशकाला दूरध्वनी लावला. आपल्यासारखाच दारूशी झगडणारा कोणी येथे आहे का, एवढेच त्याला हवे होते. त्या एका दूरध्वनीतून दुसऱ्याचा पत्ता, दुसऱ्यातून तिसऱ्याचा, असे करत तो हेन्रिएटा सायबरलिंग या बाईंपर्यंत पोहोचला. त्यांनी त्याची गाठ डॉक्टर रॉबर्ट स्मिथ या शल्यविशारदाशी घालून दिली. हे डॉक्टरही दारूच्या विळख्यात होते. काही मिनिटांसाठी ठरलेली ती भेट कित्येक तास चालली. १० जून १९३५ हा त्या चळवळीचा स्थापनादिन मानतात, आणि आज तिच्या सभा मराठीतूनही भरतात. माझ्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की व्याकूळ अवस्थेतही त्या माणसाने गर्दीला हाक मारली नाही. कोणाकडे जावे हे ज्याला ठाऊक असेल, अशा एकाला मारली. आपल्याकडेही वारीला प्रथमच निघालेला माणूस आधी दिंडीप्रमुखाला भेटतो, मग आपल्या ओळीत उभा राहतो, रस्त्याच्या मधोमध उभा राहून "मी कोठे चालू?" असे ओरडत नाही.

समूहाच्या वरच्या बाजूला असलेल्या नावावर बोट ठेवले की त्याची माहिती उघडते. तेथे समूहाचे नियम लिहिलेले असतात (ते वाचावेत, क्वचितच कोणी वाचतो) आणि खाली सभासदांची यादी. त्यांत काही नावांपुढे 'ॲडमिन' असा शिक्का दिसतो. त्यांपैकी एकाच्या नावावर बोट ठेवून त्याला वैयक्तिक निरोप पाठवता येतो. तो असा असावा:

"नमस्कार. मी या समूहात कालच आले. माझ्या यजमानांना तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. मला त्यांच्या संध्याकाळच्या अस्वस्थतेविषयी विचारायचे आहे. ते या समूहात विचारावे की शुभंकरांचा वेगळा समूह आहे? केव्हा लिहिले तर लोक वाचतात?"

एवढेच. चालक जुना असेल तर तो बहुधा आणखी एक काम करतो, आणि तेच सर्वांत मोलाचे: "आमच्या अमुक ताईंच्या घरी हेच होते, त्यांना फोन करा" असे सांगतो. पुष्कळदा प्रश्न तेथेच सुटतो आणि समूहात काही लिहिण्याची गरजच उरत नाही. चालकाचे उत्तर दोन-तीन दिवसांत आलेच नाही, तर दुसऱ्या चालकाला विचारावे. दोघांचेही आले नाही, तर त्या समूहात राहून फारसे काही हाती लागणार नाही असे समजायला हरकत नाही. सभासद हजार आणि उत्तरदायी कोणी नाही, असे समूह पुष्कळ आहेत.

त्यानंतर समूहात स्वतःची ओळख. तीन वाक्ये पुरेत: नाव, गाव, घरात कोणाला कोणता आजार केव्हापासून. त्यात प्रश्न नको, व्यथा नको, आणि आधीच पाठवलेले फुलांचे चित्रही नको. (सकाळच्या फुलांची थट्टा करणाऱ्यांपैकी मी नाही. एकट्या राहणाऱ्या माणसाचे 'शुभ सकाळ' ही एक प्रकारची हजेरी आहे, आणि ती एके दिवशी लागली नाही म्हणून शेजाऱ्याने दार ठोठावून पाहिल्याचे मला माहीत आहे. पण अनोळखी घरात पाऊल टाकताच हातात पुष्पगुच्छच दिसला, तर येणाऱ्याचा चेहरा लपतो.) लोकांनी ओळख वाचली, दोघा-चौघांनी स्वागत केले, की दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारावा. एका वेळी एकच. शिक्षिकाबाईंच्या चाळीस ओळींत निदान सहा प्रश्न होते, आणि सहा प्रश्नांपुढे वाचणारा गोंधळतो, कोणत्याच प्रश्नाला हात घालत नाही. वेळ सकाळी दहा ते बारा किंवा सायंकाळी पाच ते सात बरी. वृद्धांच्या घरात त्या वेळी कामे उरकलेली असतात.

एक चूक विशेष सांगण्याजोगी आहे, कारण ती भल्या माणसांकडून होते. लिहायचे कोठे हे न कळल्यामुळे माणूस पडद्यावर जे शेवटचे दिसते त्यालाच उत्तर म्हणून आपला प्रश्न जोडून देतो. एका समूहात एका भगिनीने आपले पती गेल्याचे कळवले होते. त्याखाली श्रद्धांजली वाहिली जात होती. तेवढ्यात नव्याने आलेल्या एका गृहस्थांनी तेथेच विचारले, "कंपवाताच्या गोळ्यांनी बद्धकोष्ठ होते का? इसबगोल किती घ्यावे?" प्रश्न रास्त होता, कंपवातात बद्धकोष्ठ फार त्रास देते, मग ते आजारामुळे असो वा औषधामुळे. पण त्या दिवशी त्यांना उत्तराऐवजी बोलणी बसली. बिचाऱ्यांना शेवटपर्यंत कळले नाही की आपण काय केले. फेसबुकवरील समूहांत तर हा धोका अधिक, कारण दुसऱ्याच्या लेखनाखाली टाकलेला प्रश्न त्या लेखनाबरोबरच बुडतो. तेथे स्वतंत्र लेखन सुरू करण्याची चौकट सर्वांत वर असते, ती शोधावी. शिवाय समूह खासगी आहे की सार्वजनिक, हे तेथे नावाखालीच लिहिलेले असते. सार्वजनिक असेल तर आपले लेखन कोणीही वाचू शकतो, सोसायटीचा सेक्रेटरीसुद्धा.

आता शुभंकरांसाठी थोडे सविस्तर, कारण येथे दुसऱ्याच्या अब्रूचा प्रश्न आहे. सासऱ्यांना लघवीवर ताबा राहत नाही, वडील रात्री आरडाओरडा करतात, आई कपडे काढून टाकते, हे सांगितल्याशिवाय मदत मिळत नाही, हे खरे. पण ज्याच्याविषयी आपण लिहितो तो माणूस, किंवा त्याचा सकाळच्या फिरण्यातला सोबती, त्याच समूहात असू शकतो. आजाराच्या आरंभी स्मृतिभ्रंशाच्या रुग्णालाही आपल्याविषयी काय बोलले जाते हे पुरेपूर कळत असते. कंपवातात तर बुद्धी बहुधा दीर्घकाळ शाबूत असते; चेहऱ्यावरचे हावभाव कमी झाले म्हणून मनातले उमटणे थांबत नाही. एका सद्गृहस्थांनी मला सांगितले होते, की सुनेने लिहिलेला मजकूर त्यांनी स्वतःच्या फोनवर वाचला. तिने काहीच खोटे लिहिले नव्हते, उलट किती मनापासून ती करते तेच त्यातून दिसत होते. तरी पुढे आठ दिवस ते तिच्या हातून आंघोळ करून घेईनात.

म्हणून चालकाला विचारायचा दुसरा प्रश्न: या समूहात रुग्णही आहेत का? असतील, तर अशा गोष्टी शुभंकरांच्या वेगळ्या समूहात, आणि तसा समूह नसेल तर एखाद्या अनुभवी सभासदाला फोन करूनच बोलाव्यात. समूहात लिहायचेच असेल तर "आमच्या घरातील ८० वर्षांचे रुग्ण" एवढे पुरते. नाते, नाव, गाव एकत्र लिहू नये. आणि ज्यांना विचारता येण्यासारखे आहे, त्यांना आधी विचारावे. "बाबा, रात्री वारंवार उठावे लागते याविषयी तिथल्या लोकांना विचारू का?" या प्रश्नाला बहुतेक वडील "विचार" म्हणतात. मात्र न विचारता विचारले गेले, की त्यांचा सूर बदलतो.

तपासण्यांचे कागद पहिल्या निरोपासोबत कधीही टाकू नयेत. त्यावर संपूर्ण नाव, वय, फोन क्रमांक, कधी पत्ताही असतो. समूहात आपला फोन क्रमांक सर्वांना दिसतोच. त्याला आजाराची जोड मिळाली, की गुडघ्याचे तेल आणि मधुमेह समूळ घालवणारी चूर्णे विकणाऱ्यांचे फोन सुरू होतात. त्यांचा बोलण्याचा ढंग फार अदबीचा असतो, "आजी" म्हणूनच सुरुवात करतात. चुकून कागद पडलाच, तर व्हॉट्सॲपवर सुमारे अडीच दिवसांपर्यंत तो सर्वांच्या फोनवरून पुसता येतो, पण तोवर कोणी पाहून ठेवला असेल तर इलाज नाही. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करावी. पहिल्या काही तासांत कळवले तर पैसे गोठवले जाण्याची शक्यता अधिक असते.

आणि आता ज्यासाठी मी हा विषय मुळात घेतला तो भाग. काही गोष्टींचा पहिला निरोप कोणत्याही समूहात जात नाही, चालकाकडेही जात नाही. ७८ वर्षांचे एक आजोबा. दोन दिवस जुलाब होत होते, आणि रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी नेहमीप्रमाणे चालू होती. तिसऱ्या दिवशी सकाळी ते असंबद्ध बोलू लागले, नातवाला भावाच्या नावाने हाक मारू लागले. मुलगा सुशिक्षित, प्रेमळ. त्याने आठ वाजता समूहात लिहिले: "बाबांना अचानक विसरायला होते आहे, काय करावे?" अकरापर्यंत एकोणीस उत्तरे आली. ब्राह्मी, अक्रोड, शब्दकोडी, स्मृतिभ्रंशावरच्या एका गोळीचे नाव मात्रेसह, आणि "वय झाले की होतेच, धीर धरा." प्रत्येकाने आपल्या घरचा अनुभव प्रामाणिकपणे सांगितला होता. दुपारी त्यांना माझ्याकडे आणले तेव्हा ते पेंगुळलेले होते. रक्तातील सोडियम, जे १३५ ते १४५ असावे, ते फार खाली गेले होते. रुग्णालयात काही दिवसांत ते पूर्ववत झाले आणि नातवाला त्याच्या नावाने हाक मारू लागले. आणखी सहा तास गेले असते तर आकडी आली असती, कदाचित त्याहून वाईट.

स्मृतिभ्रंश महिन्यांनी आणि वर्षांनी वाढतो. एका रात्रीत आलेला गोंधळ हा वृद्धांमध्ये बहुधा दुसऱ्या कशाचा तरी परिणाम असतो: लघवीचा किंवा छातीचा जंतुसंसर्ग, क्षारांची कमतरता, साखर उतरणे, लघवी तुंबणे, नव्याने सुरू झालेली एखादी गोळी. काल नव्हते आणि आज अचानक आहे, ते डॉक्टरकडे न्यायचे, ही खूणगाठ बांधावी. छातीत दाब, दम लागणे, तोंड वाकडे होणे, एक हात किंवा पाय लुळा पडणे, बोबडी वळणे, रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना डोक्याला मार लागणे, काळी डांबरासारखी शौचास होणे, यांसाठी १०८ किंवा ११२. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येते, आणि त्यातही जितके लवकर तितके बरे. रुग्णालयात पोहोचणे आणि मेंदूचे छायाचित्र काढणे यांतच त्यातला बराच वेळ जातो. समूहातील उत्तरांची वाट पाहायला त्यात जागा नाही. जगणे नको वाटते असे स्वतःच्या किंवा शुभार्थीच्या मनात येत असेल, तर टेलि-मानस या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तेथे मराठीतून बोलता येते. निवृत्तिवेतन, घरातील छळ, आधार कोणाचा घ्यावा अशा प्रश्नांसाठी ज्येष्ठांची एल्डरलाइन १४५६७ सकाळी आठ ते रात्री आठ उपलब्ध आहे. हे पाच आकडे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून फोनच्या चार्जरजवळ भिंतीवर लावावेत. फोनमध्ये साठवून ठेवलेले क्रमांक घाबरलेल्या हातांना सापडत नाहीत.

औषधाची मात्रा समूहात विचारू नये, तेथे डॉक्टर असले तरी. २०२० साली आपल्या देशात दूरस्थ वैद्यकीय सल्ल्याची जी मार्गदर्शक तत्त्वे आली, त्यांनुसार डॉक्टरला रुग्ण कोण, त्याचे वय काय हे ठाऊक असावे लागते आणि सल्ल्याची नोंद ठेवावी लागते. शंभर जणांपुढे दिलेली "अर्धी गोळी वाढवा" ही सूचना त्या शंभरांतील आणखी तिघे आपल्यालाच लागू करून घेतात, हा माझा रोजचा अनुभव. औषधे सोडून बाकी सारे विचारावे: खुर्ची कोणती, कमोडला कठडा कोणी बसवून देतो, रात्रपाळीची मावशी कोठे मिळते.

ज्यांना टंकलेखनाची धास्ती वाटते त्यांच्यासाठी एक युक्ती. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच निरोप पाठवता येतो. नवा निरोप लिहिण्याच्या यादीत आपले नाव असते, त्यावर बोट ठेवायचे. तेथे हवे तितके चुकावे, खोडावे, चष्मा बदलून पुन्हा वाचावे, आणि जमले की तेच पुढे पाठवावे. हात थरथरत असेल तर कळफलकावरील माइकच्या चिन्हावर बोट ठेवून मराठीत बोलावे, अक्षरे आपोआप उमटतात. 'लेव्होडोपा'चे काहीतरी भलतेच होते, तेवढे सुधारून घ्यावे. आवाजाचा निरोप सोपा खरा, पण समूहातील निम्म्या लोकांना कमी ऐकू येते. तो मिनिटाच्या आत ठेवून खाली एक ओळ लिहावी.

शिक्षिकाबाई पुढे दुसऱ्या, लहान समूहात गेल्या. तेथील चालक भगिनीने त्यांना एका तिसऱ्या बाईंचा क्रमांक दिला. त्या बाईंनी सांगितले, की "हेच तुमचे घर आहे" असा वाद घालू नका. दिवे उजेड असतानाच लावा, पडदे ओढा, आणि ते चपला घालतात तेव्हा त्यांच्यासोबत निघा, गल्लीला एक फेरी मारून "आलो बरं का घरी" म्हणत परत या. रोज जमते असे नाही. पावसाळ्यात तर फारच अवघड. पण बहुतेक संध्याकाळी जमते.

अशा समूहांतील जुन्या सभासदांकडे माझे एक मागणे आहे. रोज सकाळी फुले पाठवण्याआधी काल रात्री दहानंतर कोणी नवे काही लिहिले आहे का, ते पाहावे. असेल तर त्या माणसाला नावाने हाक मारून, "काकू, तुमचे वाचले, दुपारी फोन करते," एवढी एक ओळ टाकावी. उत्तर ठाऊक नसले तरी चालते. वाढदिवसाच्या शुभेच्छा त्यानंतर.